वाचनालयाचं फुकट नेट

रविवार, संध्याकाळ. अमरावती.

वाचनालयाच्या पायरीवर बसून नोकरीचे फॉर्म भरणाऱ्या मुलींनो, रिचार्ज परवडत नाही ही आपली सगळ्यांचीच तक्रार. (रोजनिशीतही माझं भाषणच सुरू होतं!)

आज वाचनालयाच्या सभेत मी समितीचे जाहीर आभार मानले. ज्ञानाला कुलूप नको म्हणून यांनी वाचनालयाचं नेट पासवर्डाविना खुलं ठेवलं, असं मी म्हणाले. टाळ्या पडल्या. कितीतरी जणींनी बसल्या जागी फोन काढून ते जोडलंसुद्धा.

मंचावरून खाली उतरले, तर सचिव वानखडेभाऊ समोर. "ताई, आभार कायचे मानून राहिल्या? आपल्या वाचनालयात नेटच नाही."

"मग वाचनालयाच्या नावानं फोनवर दिसतं ते?"

"मले वाटलं, तुमीच लावलं!"

बडनेऱ्याहून येणारी नेहा शेजारीच होती. "पण ताई, जोडताना ते आधार नंबर मागते. आमी समजलो, सभासद करून राहिले."

माईककडे धावले, तोवर सभा उठली होती.

कोण बसलंय हे लावून? पोरींचे आधार नंबर कुणाच्या हाती गेले? आणि त्या टाळ्या... अजून कानात आहेत. इतकं वाचते, इतकं बोलते. हे नेट देतं कोण, एवढं विचारायचं सुचू नये मला?

आता ग्रुपवर एवढंच टाकते: मुलींनो, ते नेट वाचनालयाचं नाही; माझ्या शब्दावर जोडलं असेल किंवा आधीपासून, उद्या सकाळी माझ्याबरोबर सायबर पोलिसांकडे तक्रार द्यायला चला.