आतून दार उघडत नाही

३ तारीख, सोमवार
आले एकदाची! ऑफिस म्हणजे दोन खोल्या, चार खुर्च्या आणि भिंतीला टेकलेलं एक अवाढव्य कपाट. दादाने पैज लावलीय, म्हणे मी महिनाभरही टिकणार नाही, न सांगता पळून येईन. बघच म्हणावं. माझ्या खुर्चीवर आधीच्या मुलीचा स्वेटर अजून लटकतोय. ती कुठे गेली विचारलं, तर साहेब म्हणाले, न सांगता गेली. माणूस मऊ बोलतो, चहाही स्वतः करून देतो.

४ तारीख, मंगळवार
काम कळलं. कोणी नेटवर काही शोधलं, की वरच आपल्या गिऱ्हाइकाची जाहिरात झळकवायची. ती कोणी दाबली, की गिऱ्हाइकाच्या खिशाला चाट. म्हणून बिनकामाचे शब्द आधीच अडवून ठेवतात. त्या शब्दांनी शोधलं तर जाहिरात दिसतच नाही आणि तो शोध आपल्यालाही कळत नाही. माझं पहिलं गिऱ्हाईक कुलूपवाले काका. 'फुकट', 'खेळण्यातलं' हे अडवलेले शब्द पटले. पण 'आतून'? साहेब म्हणाले, आतून शोधणारे पैसे देत नाहीत. हे काय उत्तर झालं? आत अडकलेल्याला तर कुलूपवाला जास्तच हवा! ते नुसते हसले. मी गुपचूप 'आतून' मोकळा केला. बोलणी बसली तर बसली.

६ तारीख, गुरुवार
लोकांनी काय टाईप केलं ते मला लगेच माझ्या स्क्रीनवर दिसतं. 'किल्ली तुटली'. 'जवळचा कुलूपवाला'. आणि एकाच ठिकाणाहून, पुन्हा पुन्हा, 'आतून दार उघडत नाही'. मग 'आतून ऐकू येतं नवी मुलगी हसते'. मग 'आतून थंडी वाजते स्वेटर बाहेर राहिला'.
घाबरले. खोटं कशाला बोलू? पण घाबरून गप्प बसेन तर ती मी नव्हे.

७ तारीख, शुक्रवार
त्या स्वेटरवालीला उत्तर द्यायची एकच सोय, जाहिरात. 'आतून' शोधणाऱ्यालाच दिसेल अशी लिहिली: 'मी ऐकतेय. कुठे आहेस?' दुपारी ती दाबली गेली. पाठोपाठ नवा शोध आला, 'आतून फटीतून कपाटाची पाठ दिसते'.
साहेबांना दाखवलं. रागावले नाहीत. तुम्ही मुली ऐकतच नाही, एवढंच म्हणाले आणि माझ्यादेखत 'आतून' पुन्हा अडवला. ठीक आहे. तिचं मला ऐकू येऊ नये म्हणता ना, मग मीच तिच्याकडे जाते.

८ तारीख, शनिवार, दुपार
साहेब बाहेर गेलेत. कपाट सरकवलं. कंबर गेली कामातून, पण सरकलं मेलं. मागे दार. बाहेरून कडी. ही वही, फोन आणि तिचा स्वेटर घेतलाय. दार मिटू नये म्हणून मध्ये खुर्ची अडकवते. तिला घेऊनच येईन.

शनिवार, नंतर
आत कोणी नाही. एवढीशी खोली. दाराला आतून मूठच नाही. आणि खुर्ची — कोणी काढली? कपाट सरकल्याचा आवाज —

रविवार असावा
फोन लागत नाही. सर्च तेवढा चालतो.
स्वेटर जमिनीवर ठेवला होता. आता तो कोपऱ्यात उभा आहे. रिकामा नाही —
म्हटलं, ये बाई, आता आपण दोघी.

सोमवार
भिंतीपलीकडे साहेबांचा आवाज. फोनवर दादा असणार. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ती न सांगता गेली."
दादाला पटेलच. पैज जिंकला ना तो! गाढवा, मी पळाले नाही. मी इथेच —

नंतर, कोण जाणे किती
बाहेर कोणीतरी हसलं. नवी. माझ्या खुर्चीवर. साहेब शिकवतायत, 'आतून' अडवलेलाच ठेवायचा.
अडवा खुशाल. एक शब्द गेला म्हणून माझं तोंड बंद होत नसतं. 'कुलूपवाला' तर अडवता येत नाही ना, तो शोध तिला दिसणारच! 'कुलूपवाला कपाटामागे'. पुन्हा. 'कुलूपवाला कपाटामागे दोघी' —

हसणं थांबलं. वाचलं तिने!
पावलं. कपाट हलतंय —
नको, पोरी, एकटी नको! लवकर टाईप करायला हवं — 'कुलूपवाला आत येऊ नको आधी दादाला सांग मी पळाले ना