पगारवाढीचा पायगुण

तुर्भे गाव,
दिवाळीनंतरचा सोमवार, १९८६

प्रिय मीनाबाय,

आशीर्वाद आहेतच, तू ते कधी मोजून घेतले नाहीस, म्हणून मीही सढळ हाताने पाठवतो. तू भाऊबीजेला बांधून दिलेल्या करंज्या संपल्या. शांतीने काही लपवून ठेवल्या होत्या. त्या कुठे गेल्या हे तिने मला विचारले नाही, त्यावरून तिला कळले असावे.

काल सुटी म्हणून खाडीकडे गेलो होतो. आई गुडघाभर चिखलात खुबे-शिंपले वेचायची, तिथे आता भराव पडला आहे आणि ट्रक उभे असतात. एका ड्रायव्हरने विचारले, काय हवे आहे? काय सांगणार त्याला? आई आठवत होती, आणि माझ्या लग्नाचे वर्ष.

आईने मामाला शब्द दिला होता, त्याचीच मुलगी सून करायची. आणि मी, पनवेलच्या शाळेत संस्कृतला पहिला आणि घरात सगळ्यांत निरुपयोगी, घणसोलीच्या शांतीला पसंत करून मोकळा झालो. आईने लग्न लावून दिले, पण सुनेशी ती बोलायची ती भांड्यांमार्फत. त्या दिवसांत आपल्या घरातली पातेली फार वक्तृत्व करत.

त्याच महिन्यात मी कारखान्यात कायम झालो. पगाराचे पाकीट आईच्या हातात दिले, तर ते चांगले जाड. तिने नोटा दोनदा पाहिल्या, मग शांतीकडे पाहिले आणि म्हणाली, "पोरीच्या पायाचा गुन हाय." त्या दिवशी कालवणातला बोईट माशाचा मोठा तुकडा शांतीच्या ताटात पडला. जन्मापासून तो माझा होता. पुढे तर रखमाकाकीने नव्या घराच्या उंबऱ्यावर आधी शांतीला पाऊल टाकायला लावले, मग स्वतः आत गेली. आई मिरवायची. मामालासुद्धा तिने निरोप धाडला, म्हणजे जखमेवर मीठ, तेही आपल्याच आगरातले.

खरा प्रकार वर्षाने उघडकीला आला. कायम होताना माझे नाव एका मस्टरवरून दुसऱ्या मस्टरवर गेले, आणि फंडाची कपात मधल्या वाटेतच राहिली. वाढलेला दिसत होता तो पगार म्हणजे माझ्याच म्हातारपणाचा पैसा, आम्ही बोईट खाऊन संपवलेला. आता कंपनी चालू कपात करणार आणि मागची राहिलेलीही दर महिन्याला कापणार. म्हणजे पाकीट लग्नाआधीपेक्षाही हलके. ज्या पायांनी लक्ष्मी आणली त्याच पायांनी घालवली असे आई म्हणणार, हे शांतीला माझ्याआधी कळले. त्या दिवशी तिने शेपटीचा तुकडा आपणहून वाढून घेतला.

मी आईला समजवायला बसलो. भविष्यनिर्वाह निधी म्हणजे काय, समास सोडवून दाखवला. आई म्हणाली, "माझा भविष्य तू नको सांगू, पैसं कुठं गेलं ते सांग," आणि शांतीकडे बघायला लागली. तू चुलीपाशी भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आये, वैनीचे पाय चालाला हायत. पगार तिच्या पायानं वाढला नाय, न् कमी बी झाला नाय. टाइम ऑफिसच्या कारकुनाची चूक हाय."

आईची अडचण निराळीच होती. "मंग मी सगल्या गावाला सांगतला, त्याचा काय करू?"

"आता सांग, त्या कारकुनाचा पाय वाईट हाय."

आणि आईने ते खरोखर सांगितले. तो बिचारा सायकलवरून गावातून जायला लागला की बाया वाट सोडून बाजूला होत. शांतीचा तुकडा मात्र शांतीकडेच राहिला. मला अजून शेपटी मिळते, तक्रार नाही.

मीना, आता हे आज का लिहितो ते ऐक. काल खाडीवरून परतलो तर ओट्यावर तुझ्या धाकट्या जावेचे, गंगूचे, वडील बसले होते. भाऊबीजेला मी जासईला आलो तेव्हा गंगू दिसली नाही, तर तू म्हणालीस, दिवाळसणाला कोपरखैरण्याला गेली आहे. ती गेली नव्हती, तिला पाठवली होती. लग्न होऊन ती आली आणि तुझ्या दिराचा, गोटीरामचा, पगार घटला, म्हणून. तो आमच्याच कारखान्यात, तेव्हा आज टाइम ऑफिसात जाऊन विचारून आलो. आमची कंपनी परंपरा पाळणारी. तो कायम झाल्यापासून त्याचा फंड कापायचा राहिला होता, आणि वसुली लागली ती नेमकी लग्नाच्या महिन्यापासून. गोटीरामला हे ठाऊक आहे, पण आईपुढे त्याची जीभ उचलत नाही. त्याला मी हसत नाही. मीही समासच सोडवत बसलो होतो. पण गंगूचे वडील म्हणाले, पोरीची पेटी बाहेर निघाली तेव्हा थोरली सून दारातच उभी होती आणि ती काही बोलली नाही. सासरी शब्द जड होतो, हे मला कळते बाय. तरी रविवारी तुमच्याकडे बैठक आहे आणि सोडचिठ्ठीची भाषा चालू आहे. मी येईन, ऑफिसचा कागदही आणीन, पण कागद वाचून सून परत घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तू चहा घेऊन बाहेर येशील, तेव्हा ट्रे खाली ठेव, आणि आत जाऊ नकोस.

तुझाच,
दिनादादा