न धुतलेले बीकर

प्रिय आत्या,

आधी मुद्द्याचं सांगते, कारण तुला पत्र शेवटाकडून वाचायची खोड आहे आणि आज मला ते चालणार नाही. तुझा हात चुकला नव्हता. मधमाश्यांच्या चाळीस पेट्यांच्या नऊ झाल्या, त्यात तुझा काडीचाही दोष नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाच आणि मग सावकाश पुढे ये.

खरं तर मला तुझे आभार मानायचे आहेत, पण तुझे आभार मानणं म्हणजे महाकठीण काम. तू लगेच उठून काहीतरी पुसायला घेतेस. पत्रात ती सोय नाही, म्हणून ऐक. मी सात वर्षांची असताना तू मला तुझी तोंडावरची जाळी घातली होतीस. ती माझ्या कमरेपर्यंत आली होती. आपण पेटी उघडली आणि मी उडणाऱ्या माश्या मोजायला लागले, तेव्हा तू म्हणालीस की उडतात त्या कालच्या, उद्याच्या मोजायच्या असतील तर पोळ्याची चौकट बघ. मग पिल्लांची झाकण लावलेली घरं किती, रिकामी किती, हे मी बोट न लावता मोजायला शिकले. तुझे आकडे चुकले की मी तिथल्या तिथे सुधारायचे, आणि तू मला मास्तरीण म्हणायला लागलीस. प्रयोगशाळेत मला जे येतं, ते तिथून आलेलं आहे. कॉलेजने त्यावर फक्त पांढरा कोट चढवला.

आणि त्या कोटातच मी शेण खाल्लं. तीन वर्षांपूर्वी तू काड्यापेटीत कापूस घालून सहा माश्या पाठवल्या होत्यास. पंख चुरगळलेले, अंग अर्धवट भरलेलं. सोबत चिठ्ठी होती: मोठ्या माश्या धडधाकट आहेत, राणी अंडी घालते आहे, पण पिल्लं कोषातच मरतात आणि घरच्याच माश्या त्यांना ओढून दारात टाकतात, असं का? मी ती काड्यापेटी नीट उघडूनही पाहिली नाही. नाक वर करून उत्तर लिहिलं की तू पेट्या फार वेळा उघडतेस, पिल्लांना गारठा लागतो. ज्या बाईने मला चौकट कशी धरायची ते शिकवलं, तिला मी चौकट धरायला शिकवत होते! त्यानंतर तू नव्या लोकांना शिकवणं बंद केलंस, आपला हात आता बरा राहिला नाही असं सगळ्यांना सांगत सुटलीस, आणि मला ते वयाचं लक्षण वाटलं.

आता बीकरची गोष्ट. आमच्याकडे फवारणीची औषधं पाणपिसवांवर तपासतात. नाव पिसू असलं तरी ती झिंगे-खेकड्यांच्या गोतातली, गोड्या पाण्यातली टाचणीच्या डोक्याएवढी चीज. नुकती जन्मलेली पिल्लं औषधाच्या पाण्यात सोडायची, दोन दिवसांनी बीकर हलवून बघायचं, पोहत असतील तर औषध पास. मग बीकर धुवायचे. काही महिन्यांपूर्वी जुन्याच एका औषधाची तपासणी पुन्हा करायची वेळ आली. दोन दिवस झाले, सगळ्या पोहत होत्या, मी तसं लिहिलं आणि बारा दिवस रजेवर गेले. बीकर धुवायला सांगायचं मात्र विसरले. आमच्या मदतनीस मावशींना कुणी थांबा म्हटलं नाही, म्हणून त्या रोज इमानेइतबारे सगळ्या बीकरांत हिरवं शेवाळाचं पाणी घालत राहिल्या. जिवंत आहेत तर उपाशी कशा ठेवायच्या, हा त्यांचा साधा हिशोब.

मी परतले तर तुलनेसाठी ठेवलेल्या साध्या पाण्याच्या बीकरांत पिल्लांची नुसती गर्दी. औषधाच्या बीकरांत आया तशाच, टुणटुणीत पोहत होत्या, आणि पिल्लू एकही नाही. भिंगाखाली पाहिलं, पाठीवरच्या पिशवीत अंडी होती, ती वाढलीच नव्हती. मी खुर्चीत बसले, आणि मला पहिल्यांदा तुझी काड्यापेटी आठवली. मावशींनी विचारलं, काही चुकलं का माझं? मी त्यांचा हातच धरला. त्यांना वाटलं, रजेवर माझं काहीतरी बिनसलं.

मग तीन वेळा तीच तपासणी केली, एकवीस-एकवीस दिवसांची, पिल्लं रोज मोजून. कमी औषधात पिल्लं थोडी आणि वाकड्या शेपटीची, जास्त औषधात शून्य. हे औषध मारत नाही, वाढू देत नाही. किडींसाठी ते बनवलंच तसं आहे. मोठ्या माशीला त्याचं काही होत नाही. ती परागाबरोबर ते घरी आणते आणि अळ्यांना भरवते. तुझ्या चिठ्ठीत हेच होतं, फक्त माझी भाषा नव्हती.

मागच्या आठवड्यात ओढ्याचं पाणी घ्यायला तुझ्या शेजारच्या बागेत गेले होते. तुझ्याकडे आले नाही, धीर झाला नाही. बागवान भला माणूस आहे. त्याच औषधाची फवारणी निर्धोक असल्याचा कागद त्याने कपाटातून काढून दाखवला आणि म्हणाला, तुमच्या आत्या तीन वर्षांपूर्वी भांडायला आल्या होत्या. त्यांना हाच कागद दिला. त्यांनी सगळा वाचला, खाली सही बघितली, घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, मग माझाच हात चुकत असेल. आत्या, ती सही माझी आहे. तू ओळखलीस. आणि तीन वर्षं तू पेट्या जाऊ दिल्यास, नाव जाऊ दिलंस, पण भाचीची चूक पोटात घातलीस. एवढं कुणी माझ्यासाठी केलेलं नाही. या महिनाअखेरीस बाग पुन्हा फुलेल आणि फवारणी सुरू होईल. त्याआधी, सोमवारी, औषधांना मंजुरी देणाऱ्या समितीसमोर मी ते प्रमाणपत्र मागे घेते आहे. नोकरीचं काय होईल ते होईल. तू मात्र आता माझ्यासाठी गप्प बसू नकोस. पेट्या कशाने गेल्या असं कुणी विचारलं, तर कागद खोटा होता म्हण, आणि सही कुणाची होती तेही सांग.

तुझीच,
भाची