बंद करू नका

४ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून रोज थोडं लिहायचं ठरवलं. मुलगी फोनवर म्हणते, बाबा, मनातलं बोलत जा. बोलण्यापेक्षा लिहिणं बरं. मध्ये कोणी 'हं, हं' करत नाही.
तब्येत उत्तम. झोप ठीक. मन स्थिर.
कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली ढाल आज लाल झाली. एरवी हिरवी असते. अँटिव्हायरस बंद आहे, असं लिहून आलं. चालू केला. लगेच परत बंद. किरकोळ बाब आहे. सगळी नोकरी लिफ्ट तपासण्यात गेली, उंच उंच इमारतींच्या. हे तर टेबलावरचं खोकं. उद्या निकालात काढतो.

५ नोव्हेंबर
अजून लाल. अँटिव्हायरसवर क्लिक केलं की त्याची खिडकी उघडते आणि आपण माउस नेईपर्यंत मिटते. दारामागे कोणीतरी उभं राहून दार आतून लोटतंय, असं वाटतं. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग थांबलो. घाबरून नव्हे. यंत्रालाही विश्रांती लागते.
मुलीला फोनवर सहज विचारलं. ती कुठलीच गोष्ट सहज घेत नाही. म्हणाली, व्हायरस शिरलाय, तोच अँटिव्हायरसला पाडतोय. तो चालू असेपर्यंत निघणार नाही. आधी मशीन बंद करा, मग सेफ मोडमध्ये चालू करा. म्हणजे फक्त गरजेपुरतं चालू होतं, बाकी सगळं झोपलेलं राहतं. मी म्हणालो, करतो.
करणार नाही.

५ नोव्हेंबर, संध्याकाळी
कारण लिहून ठेवलेलं बरं.
आमची ही अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची. रोज दुपारी, मी आतल्या खोलीत डोळे मिटून पडलेला असताना. झोपत नसे, पडत असे. हिचं म्हणणं, मी घोरतो. उभ्या संसारात एकदाही पुरावा देऊ शकली नाही.
त्या दिवशी सातवीच्या भूगोलातला नद्यांचा धडा चालू होता. रेकॉर्डिंग मध्येच थांबवून ही आत आली आणि छातीत भरून आल्यासारखं होतंय म्हणाली. खाली गाडीत बसताना मला म्हणाली, "अहो, कॉम्प्युटर बंद करू नका. माझं राहिलंय."
परत आली नाही.
मी बंद केलेला नाही. स्क्रीनवर तिच्या आवाजाची निळी पट्टी तशीच आहे. लाटा लाटा, आणि मग मध्येच सरळ रेघ. सेव्ह केलेली नाही. बंद केलं की गेली.

६ नोव्हेंबर
आज सेव्ह करायला बसलो. त्याने फाइलचं नाव विचारलं. आता ही काय नाव देत असे, मला काय ठाऊक? धड्याचं? इयत्तेचं? नुसतं 'नद्या'? तिच्या कामाला आपण कसंतरी नाव कसं द्यायचं. कॅन्सल केलं. नीट नाव सुचलं की करीन. घाई नाही.
ऐकूनही पाहिलेलं नाही. ऐकायच्या बटणाला लागूनच रेकॉर्ड करायचं बटण आहे. चुकून तेच दाबलं गेलं तर तिच्या आवाजावर माझं खाकरणं चढायचं.
नवीन प्रकार: दर थोड्या वेळाने एक चौकट येते. तुमच्या फाइल्स धोक्यात आहेत. ताबडतोब इथे क्लिक करा. हा चोरच 'चोर चोर' ओरडतोय, हे मी ओळखलं. क्लिक केलं नाही. एकदाच केलं.

७ नोव्हेंबर
काल क्लिक केल्यापासून चौकटी दोन येतात.

८ नोव्हेंबर
शेजारचे बँकवाले येऊन गेले. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बोलताना अजून काउंटरच्या पलीकडून बोलल्यासारखे बोलतात. ते म्हणाले, राव, हे असलं काही आपल्या हातानेच घरात येतं. काय डाउनलोड केलंत, सांगा.
काहीही नाही, म्हणालो. आणि ते खरंच आहे. एक फोटोफ्रेम सोडली तर. हिच्या फोटोभोवती लावायला हवी होती, कडेने बारीक वेल असलेली. फुकट होती. फ्रेमने काय होतंय.
हेही विचारलं की अपडेट वगैरे करता ना. रोज येतं ते, 'रीस्टार्ट करा' म्हणून. मी रोज 'नंतर' दाबतो. न चुकता. शिस्तीत माझ्याकडे बोट दाखवायला जागा नाही.
जाता जाता म्हणाले, दुपारी कोणाशी बोलत असता हो? भिंतीतून ऐकू येतं. मी म्हणालो, फोन. भिंत फारच पातळ बांधली आहे. त्यांचा टीव्ही मलाही ऐकू येतो, ते मी कधी बोलून दाखवत नाही.

९ नोव्हेंबर, दुपारी
कॅमेऱ्याशेजारचा बारीक दिवा आज आपोआप लागला. मी काहीही उघडलेलं नव्हतं. खुर्चीत बसलो होतो, हिच्याशी, म्हणजे स्वतःशीच, किराणा संपल्याबद्दल बोलत होतो. दिवा पाहिला आणि वाक्य अर्धवटच सोडलं.
कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. वर दुसरी. मग वाटलं, दिसत नसलं तरी ऐकू येत असेल. आता त्या खोलीत बोलायचं नाही. तिथे चपला घालूनही जायचं नाही.
आज दुपारी पडवलं नाही, ते चहा जास्त झाल्यामुळे. उद्यापासून कमी.

१० नोव्हेंबर
फार वाईट दिवस.
हिची जुनी फोल्डर उघडायला गेलो. पाचवीचं उघडेना. सहावीचं उघडेना. प्रत्येक नावापुढे कसलीशी शेपटी लागली आहे, अक्षरं आणि आकडे. काल नव्हती. डोळ्यांदेखत तिसऱ्या फोल्डरला शेपटी फुटली. मी खुर्चीचे हात धरून बसलो. लिफ्ट मध्ये अडकली की आतल्या माणसांना आम्ही सांगायचो, घाबरू नका, दार ओढू नका, मदत येते आहे. ते मी मोठ्याने म्हटलं. मग आठवलं, इथे बोलायचं नाही.
निळी पट्टी अजून आहे. तिच्यावर हात ठेवून पाहिला. काच कोमट होती.
मुलीला फोन केला. रीस्टार्ट केलंत ना, असं तिने विचारलं. मी म्हणालो, झालं तेव्हाच. मग तिने धीर दिला: आईचे झालेले सगळे धडे अंधांच्या लायब्ररीत पोचलेत, तिथे त्यांच्या प्रती आहेत, जाऊ देत मशीनवरचे. मी म्हणालो, सगळे पोचलेत. एकच नाही, ते तिला सांगितलं नाही. उगाच काळजी करेल.

११ नोव्हेंबर
दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. स्पष्ट बोलणाऱ्या आहेत. खुर्चीत बसण्याआधीच त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की मशीन बंद करणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चिकटपट्ट्यांकडे पाहिलं, आणि बरं म्हणाल्या.
त्यांनीही अँटिव्हायरस उघडला. मिटला. दुसरा आणून चालवला. तोही मिटला. शेवटी हात झटकून म्हणाल्या, "काका, बंद केल्याशिवाय हा निघायचा नाही. जितका वेळ चालू, तितकं तो खातोय."
ही पट्टी कधी खाईल, विचारलं. सांगता येत नाही, म्हणाल्या. मग सेव्ह करून टाका की, एक बटण तर आहे. मी सांगितलं, नाव ठरायचं आहे. त्यांनी पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि नाव ठरलं की फोन करा म्हणाल्या.
आता ठरवलं. उद्या सकाळी, आंघोळ करून, सेव्ह.

१२ नोव्हेंबर
आंघोळ केली. नावं काढली. 'नद्या.' 'नद्या अपूर्ण.' अपूर्ण बरं दिसत नाही. 'भूगोल शेवटचा.' ते तर लिहिताच आलं नाही. उद्या.

१३ नोव्हेंबर, दुपारी
वीज गेली. घाबरण्याचं कारण नाही. कॉम्प्युटरला बॅटरी जोडलेली आहे, मीच बसवली, अशा प्रसंगासाठीच. ती टीं टीं करते आहे. वीज येईलच. सगळं माझ्या नियंत्रणात आहे.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळी
नव्हतं.
टीं टीं जोरात व्हायला लागली तसा मी धावलो. सेव्ह दाबलं. त्याने नाव विचारलं. 'न' उमटला. तेवढ्यात एक चौकट मध्ये आली, तुमच्या फाइल्स धोक्यात आहेत. ती सारली. दुसरी आली. ती सारली. आणि मग, इतके दिवस ज्याला उघड म्हणून विनवत होतो, तो अँटिव्हायरस पुरा उघडून समोर उभा राहिला. आपलं स्वागत आहे. त्याच्यामागे पट्टी दिसेना. मी त्याला शिवी दिली. मग काच काळी झाली. तिच्यात माझंच तोंड.
पंखा थांबला. इतके दिवस तो चालू होता, हे थांबल्यावर कळलं. घर एवढं शांत कधी नव्हतं.
"अगं, मी नाही केलं बंद," असं म्हणालो. भिंतीपलीकडे बँकवाल्यांचा टीव्हीही बंद होता. ऐकलं असेल.

१४ नोव्हेंबर
मुलीला खरं सांगितलं. ती ओरडली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, हात लावू नका, मी निघते. वीज आली आहे. बटण दाबलेलं नाही. त्या खोलीचं दार लावून घेतलं आहे.

१६ नोव्हेंबर
व्हायरस गेला. मुलगी आली, तिने दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. मशीन सेफ मोडमध्ये उठवलं, तिथे तो बेसावध सापडला. फोटोफ्रेमच्या पोटात लपला होता. हे कोणी घेतलं, असं बाईंनी विचारलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी ढालीकडे पाहिलं. हिरवी.
मग हिचा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडला. त्याने आपणहून विचारलं, मागचं काम अर्धवट राहिलंय, परत आणू का? मी मुलीचा हात धरला. किंवा तिने माझा. बाई पर्स उचलून बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या.
निळी पट्टी आली. मुलीने बटण दाबलं. बरोबर तेच.
हिचा आवाज. नद्या. नदी डोंगरात उगम पावते. मग घरघर. खोल, लांब, शेवटी बारीक शिट्टी. ही थांबली. परत म्हणाली, नदी डोंगरात. परत घरघर. मग जरा लांबून, हसू दाबत: "झालं. निघाला ट्रॅक्टर." नंतर बराच वेळ नुसती ती घरघर, आणि हिचं वाट बघणं. "चालू दे बाई. थांबला की वाचू." टक्.
एवढंच. नदी डोंगरातच राहिली.
मुलगी हसत होती आणि डोळे पुसत होती. प्रोग्रॅमने नाव विचारलं. मी म्हणालो, विचार करू दे. तेवढ्यात तिने टाइप करून सेव्हही केलं: बाबांचं घोरणं.
ती आंघोळीला गेल्यावर मी परत ऐकलं. मग परत. अगदी लक्ष देऊन.
माझी खात्री झाली आहे. तो आवाज शेजारच्या बँकवाल्यांचा आहे. भिंत पातळ आहे.