लेरिकचा रंग

१२ जाने., सोमवार
ॲन आर्बरात परवापासून बर्फच बर्फ. मी पुन्हा माझ्या पीएचडीच्या नकाशात राहायला गेलेय. सोव्हिएत जनगणना, १९५९, कॉकेशस. कुठल्या डोंगरात कोण राहत होतं ते रंगवायचं. जॉर्जियन पिवळे, आर्मेनियन जांभळे, अझरबैजानी हिरवे. बसमध्ये डुलकी लागली तर समोरची माणसंच पिवळी-हिरवी दिसायला लागली. छान वाटत होतं, स्टॉप चुकला. गाईडबाईंना फाईल शुक्रवारी हवी.

१३ जाने.
अझरबैजानच्या दक्षिण टोकाला, लेरिकपाशी अडले. माझ्या हाउसमेटचं, नर्गिसचं गाव. तिची माणसं तालिश, भाषाही वेगळी. १९२६च्या मोजणीत तालिश वेगळे. ५९मध्ये नावच नाही, अझरबैजानींत धरलेले. हिरवा द्यायला हात होईना. तालिशांना वेगळा निळा द्यावा, तर आकडा कुठाय? शेवटी पांढरं सोडलं. केवढी मी समंजस!

१४ जाने.
घोळ. नर्गिस चहा घेऊन आली, स्क्रीनवर वाकली. "म्हणजे इथे कोणीच राहत नव्हतं?"
आमच्या नकाशांत पांढरं म्हणजे निर्जन. हे मी स्वतः फर्स्ट इयरला शिकवते!
"माझी आजी होती तिथे, यार." (यार माझ्याकडूनच उचललाय.) चहा ठेवून गेली. फार वाईट वाटलं.

१५ जाने.
नागपूरला बाबांना फोन. आमच्या आजोबांनी 'बौद्ध' सांगितलं, मोजणीवाल्याने 'हिंदू' लिहिलं. आजोबांनी त्याला रस्त्यातून परत आणून खोडायला लावलं. घरात शंभरदा ऐकलेलं. म्हटलं, बाबा, मीही निळा देऊन टाकते.
"तुह्या आजोबानं सोताचं सांगतलं. तू काहून दुसऱ्याचं सांगून राह्यली? तिले इचार ना."

१६ जाने., शुक्रवार
विचारलं. नर्गिसने लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला. मावशींच्या मागे धुकं, ओली झाडं, एक कोंबडी. मी बघतच राहिले. मावशी हळू, लांबवत बोलल्या. मला अक्षर कळलं नाही, तरी ऐकत राहावंसं वाटलं. मग फोन ठेवला.
"आई म्हणते, आजीने अझरबैजानीच सांगितलं होतं. आम्ही अझरबैजानी, तेच रंगव म्हणते."
"हे कुठल्या भाषेत बोलल्या त्या?"
नर्गिस फोन चार्जिंगला लावत होती.
"तालिशमध्ये."
गाईडबाईंचा मेल आलाय. फाईल अजून पाठवलेली नाही.