मागच्या सीटवरचे

२६ मार्च
पोचले एकदाची! बात्तामबांगहून दोन दिवस मोटारसायकल हाकली, नाकातोंडात लाल धूळ गेली, तरी मी खूश आहे. जुन्या देवळांच्या खात्याने या रानातली सोळा पडकी देवळं माझ्या गळ्यात घातली आहेत. एकेका ठिकाणी जायचं, कोणता दगड जागेवर आहे, कोणता चोरांनी पळवला ते लिहायचं. बाई एकटी कशी जाणार, अशी कचेरीत कुजबुज होती. गाडीला कळत नाही वर कोण बसलंय, एवढंच मी म्हटलं.

खोली रुनआजीकडे मिळाली. खांबांवरचं घर, खाली गाडीला सावली. आजी सत्तरीची, जीभ मात्र विशीतली. मालिस, एवढीशी वाळकी तू, हे धूड कसं आवरतेस गं, म्हणाली. मग नवऱ्याची चौकशी. नवरा नाही म्हटल्यावर पानात दुसरा मासा वाढला.

तेरा एप्रिलला बात्तामबांगला आईकडे निघायचं, आमच्या नववर्षाला. तीन वर्षं सणाला घरी गेले नाही. यंदा तिने फोनवर सरळ दम भरलाय.

२९ मार्च
आज पाचवं देऊळ, तळ्याकाठचं. अख्खा दरवाजा वडाच्या मुळांनी आवळून धरलाय. कोरीव तुळईवर चढून फोटो काढत होते, तर पायाखालचा दगड निसटला आणि मी दोन पुरुष उंचीवरून खाली पडले. हाड मोडलं नाही, पण छातीत असं धस्स झालं की बराच वेळ उठवेना.

आजीने तोंड बघूनच ओळखलं. माणसात एकोणीस प्राण असतात, त्यातला एक तिथेच सांडला, म्हणाली. आता स्वतःचा कपडा हातात धरून, आपलं नाव घेऊन त्याला हाक मारून आणायला हवं. मला का माहीत नाही? लहानपणी आई माझ्यासाठी घरामागच्या तळ्याकाठी अशीच हाका मारत बसायची, आम्हा दोघींनाच ठाऊक असलेल्या लाडाच्या नावाने. पण मी शिकलेली, सरकारी नोकरीतली. हसले.

२ एप्रिल
जेवणाला चव नाही. आंबवलेल्या माशांचा प्राहोकसुद्धा मातीसारखा लागतो. काल गाडीवर बसले आणि निघायचं विसरूनच गेले. हाक मारून आणणारा पुजारी पाच दिवसांनी येईल, तोवर गप पड, असं आजी सांगते. मी कुठली गप पडतेय!

३ एप्रिल
भर दुपारी एकटीच तळ्याकाठच्या देवळात गेले, ब्लाउज हातात धरून. स्वतःच्याच नावाने हाका मारायची लाज वाटली. मग थट्टेत ओरडले, चला रे, जे जे कोणी राहिलंय ते सगळे बसा गाडीवर, घरी चला!

संध्याकाळी भाताला चव आली. नाव घेतलंस ना, असं आजीने दोनदा विचारलं. हो म्हणून सांगितलं.

५ एप्रिल
गाडी चढ चढत नाही. हेंगदादाच्या गॅरेजात नेली. मागचे दोन्ही शॉकअप पार बसलेत. किती पोती वाहतेस ताई, बैलगाडी आहे का ही, म्हणून खूप हसला. मी एकटीच बसते म्हटल्यावर हसायचा थांबला.

७ एप्रिल
नवे शॉकअपही बसले. बाटल्यांतून पेट्रोल विकणाऱ्या बाईने मला पाणी दिलं आणि मागच्यांना पण हवं का विचारलं. मी वळून पाहिलं. सीट रिकामी होती. हात लावला तर गरम, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी.

घाबरले. लिहून टाकते म्हणजे मोकळी होईन. पण काम सोडणार नाही. अकरा देवळं झाली, पाच उरलीत.

९ एप्रिल
आजीला खरं सांगितलं. मला वाटलं कडाकडा बोलेल, तर ती रडायलाच लागली. त्या तळ्याकाठी बेवारस मेलेल्यांना कित्येक वर्षांत कोणी घरी चल म्हटलेलं नाही, आणि तू सगळ्यांना म्हणालीस, पोरी. आता त्यांना घर हवंय. आईने उंबऱ्यात उभं राहून ये गं म्हटलं की ते घर त्यांचं, आणि आईही त्यांचीच. जिथून आणलंस तिथेच उतरव.

उतरवते. त्यांच्या बापाची गाडी आहे का!

११ एप्रिल
ताप. गाडीला किक मारायची ताकद नाही.
मानेमागून विचारतात — बात्तामबांग किती लांब? आई काय रांधते? तिला दिसतं नीट, की डोळे अधू झालेत?
मी ओरडले, आई माझी आहे. माझी एकटीची. पुन्हा नाव काढाल तर याद राखा.
मग एकजण माझ्याच आवाजात हसली.

१२ एप्रिल
आईचा फोन. उद्या नक्की ना, म्हणाली. हो, पण मी आधी —
नाही सांगितलं. घाबरेल.
उद्या आधी देऊळ, मग घर. एकटी.

१३ एप्रिल, दुपार
तळ्याकाठचं देऊळ. गाडी पायरीपर्यंत ढकलत आणली. दरडावलं — उतरा. सगळे उतरा. माझ्या आईच्या दारात एकाचंही पाऊल पडणार नाही.

गाडी एकदम वर उचलली गेली. हलकी.
जिंकले मी! दोन मिनिटं पायरीवर बसून हे लिहिते, मग —

किक कोणी मारली?

माझं लाल जाकीट. माझी वेणी. हेल्मेटचा पट्टा माझ्यासारखाच दोनदा ओढला. मागे वळून पाहिलंही नाही.
बात्तामबांगच्या रस्त्याला लागली —

हाक मारते तर आवाज नाही. पेन तेवढं चालतंय. हात — हातातून पायरीचा दगड दिसतोय.

इथे बसणार नाही मी. चालत जाईन. रांगत जाईन.

आई, ती दारात येईल. ये गं म्हणू नकोस. आधी तिला विचार, तळ्याकाठी तू मला कोणत्या नावाने हा—