सहा बरण्यांचा जबाब

पेण, सोमवार,
१९ फेब्रुवारी १९९६

चि. दिनानाथ यास,

पेणहून ताईचा आशीर्वाद. तुझी कंबर, वहिनीचे गुडघे आणि रोह्याचं पाणी (दिवसाआड येतं म्हणालास) या तिन्हींची काळजी वाटते. आम्ही आत्या-भाची ठणठणीत आहोत, फक्त घराला थोडा वास येतो. त्याचंच हे पत्र.

तुझ्या पत्रात दोनच गोष्टी होत्या : वहिनीच्या लोणच्याच्या सहा काचेच्या बरण्या परत पाठव, आणि परीक्षा झाली की नमिताला परत पाठव, पुरे झालं शिक्षण, पोरगी तिथे चिखल खेळते असं कानावर आलंय. आधी बरण्यांचं सांगते.

बरण्यांत चिखल आहे. (वहिनीला बसवून मग वाच.) साधा नव्हे, धरमतर खाडीच्या मिठागरातला काळा चिखल. टॉर्चचे जुने सेल फोडून नमिताने आतल्या कोळशाच्या कांड्या काढल्या. एक चिखलात पुरली, एक वरच्या खाऱ्या पाण्यात सोडली, दोघींना तार जोडली, मध्ये वीज मोजायचा मीटर. चिखलातले जीव पुरलेल्या कांडीवर वस्ती करतात, बुळबुळीत साय धरते. ते कुजकं खातात आणि खाता खाता कांडीला वीज देतात. मला वाटलं, कॉलेजात पोरं थापा मारायला शिकतात. शिवाय मिठात कुठला जीव जगतो? खारामुळे तर वहिनीचं लोणचं वर्षभर टिकतं. मग नमिताने आणलेलं पुस्तक मीच वाचून काढलं (जिथे इंग्रजी अडलं तिथे तिला स्वयंपाक सोडून बोलावलं). हे जीव पिढ्यान्‌पिढ्या खारातच वाढलेले, दुसरे सुकतील तिथे हे पोसतात. म्हणजे आमच्या सासरच्या माणसांसारखेच.

तर माघी गणपतीच्या आदल्या दिवशी मी पूजेची भांडी घासायला बसले. नमिताने बरण्यांतला चिखल बदलायचा म्हणून चिखलातल्या सहाही कांड्या काढून खाऱ्या पाण्याच्या ताटात ठेवल्या होत्या. मला दिसल्या काळ्या, चिकट, घाण. सणाच्या तोंडावर घरात असलं काही कसं ठेवायचं? राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि समयीच्या बरोबरीने सहाही लख्ख केल्या. वर ओळीने उन्हात वाळत घातल्या. पोरगी खूश होईल असं वाटलं.

नमिता आली, ओळीतली एक कांडी उचलून पाहिली. “आत्या,” म्हणाली, “गावचं गाव घासलंस गो!” दीड महिन्याची वस्ती होती. मीटरचा काटा मेल्यासारखा पडला. कॉलेजचं विज्ञान प्रदर्शन पंचवीस दिवसांवर, आणि तिच्या सरांनी सांगितलेलं, हे जमलं तर पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत जागा देतो. पोरगी मला एक शब्द वाईट बोलली नाही. दिना, तू बोलला असतास.

मला रडू आलं ते वेगळ्याच कारणाने. तुझे भावोजी हयात असते तर त्यांनी मला घासू दिलं नसतं. मिठाच्या वाफ्याची जमीन ते दरवर्षी अनवाणी तुडवून घट्ट करायचे, वर साय धरली की कुणाला खरवडू द्यायचे नाहीत. साय फाटली की पाणी जिरतं आणि मीठ काळं येतं. पंचवीस वर्षं हे ऐकलेली बाई मी, आणि शेंडी घेऊन बसले!

दुसऱ्या दिवशी बादली घेऊन मिठागरावर गेले. ते गेल्यापासून चार वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. आता तिथे त्यांचा जोडीदार बाबाजी असतो. तो म्हणाला, “वैनी, मीठ पायजे तं पोतं ने. चिखल काय करशील गो?” म्हटलं, वीज करायची आहे. तो तुझ्या भावोजींचं नाव घेत म्हणाला, “शिवादादा गेला ना, तवाच मी म्हनलो व्हतो, हिला एकटी ठेवू नका.” पण बांधाच्या कडेचा, साय न फाडता, सुरेख चिखल त्यानेच काढून दिला. येताना एसटीत कंडक्टर म्हणाला, “मावशी, काय मेलंय त्याच्यात?” म्हटलं, “मेलं नाय रे, जितं हाय!” तर मेला म्हणतो, “मंग त्याचं बी तिकीट काढा!”

कांड्या पुन्हा पुरल्या. नमिताने माझी ती शेंडीसुद्धा तुकडे करून बरण्यांत टाकली, त्यावर थोडे जीव उरले असतील म्हणून. तीन आठवडे मी रोज सकाळी देवाच्या आधी मीटर बघत होते. काटा उठला!

परवा शनिवारी प्रदर्शन झालं. सहा बरण्या एकीला एक जोडल्या आणि त्यावर भावोजींचं आकड्यांचं घड्याळ लावलं, तेच, सेल संपल्यापासून माझ्या ट्रंकेत पडलेलं. सकाळी साडेनऊला ते चालू झालं आणि बारा दाखवू लागलं. बटण खाऱ्या पाण्याने गंजलेलं, वेळ लावता येईना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी डोळ्यांना पदर लावला. वासाने, असं सांगितलं.

तुझी,
ताई

ता.क. १ : बरण्या येणार नाहीत. नमिताही नाही. सरांनी जागा दिली आहे. तू पुढच्या रविवारी रोह्याहून गाडीने ये आणि स्वतः बघ. मग ‘नाही’ म्हणायचं असेल तर त्या घड्याळासमोर उभा राहून म्हण.

ता.क. २ : घड्याळ अजून चालू आहे, अडीच तास पुढे. भावोजी जन्मभर उशिरा आले, आता कुठे वेळेच्या आधी येतात. कुणी नीट करायचं नाही.

ता.क. ३ : येताना आणखी सहा बरण्या आण. भरलेल्या असल्या तरी चालतील, रिकाम्या आम्ही करू. फक्त वहिनीला सांग, इथे आल्यावर काहीही घासायचं नाही.